चित्र सापडते, चित्रकार शोधावा लागतो

एके काळी मराठी घरात चित्रे फार थोडी असत. देवघरापाशी रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी किंवा सरस्वती, बैठकीत वडीलधाऱ्यांची एकदोन छायाचित्रे, भिंतीवर टांगलेले कॅलेंडर आणि दिवाळीच्या सुमारास घरात येणाऱ्या अंकाचे रंगीत मुखपृष्ठ. एवढ्यातच घराचे चित्रवैभव संपे. परंतु जे होते ते वर्षानुवर्षे पाहिले जाई. लक्ष्मीच्या शेजारच्या हत्तीने सोंडेत काय धरले आहे, सरस्वतीचा मोर कोणत्या बाजूस बसला आहे, हे घरातल्या मुलास डोळे मिटून सांगता येई. दारिद्र्य होते ते चित्रांचे होते, पाहण्याचे नव्हते.

आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे, आणि ती केवळ पुण्यामुंबईत झाली आहे असेही नाही. बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात तेलगाव नावाचे गाव आहे. बीडहून परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात. सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना येथेच आहे. कलेचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे तर येथील मुलास छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई अशी दूरची वाट धरावी लागते. शाळेतील रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा देऊन झाल्या की बहुतेकांचा रंगपेटीशी संबंध सुटतो. परंतु ह्याच मुलाच्या हातातील मोबाईलवर जगातील मोठमोठ्या संग्रहालयांची दालने उघडतात. जपानी ठसेचित्रे, फ्रेंच व्यंगचित्रे, रशियन बोलपट आणि मुंबईत तयार झालेले ॲनिमेशन हे सारे चौकातील चहाच्या दुकानात बसून पाहता येते. आजोबांच्या दृष्टीस वर्षभरात पडली नसतील इतकी चित्रे नातवाच्या बोटाखालून एका संध्याकाळी सरकून जातात.

मात्र सरकून जातात, हेच येथे लक्षात घ्यावयाचे. त्यांतील एखादे चित्र क्षणभर मनास धरून ठेवते. पण ते कोणी काढले, कोठे काढले, त्या हाताने आणखी काय केले, असे विचारले तर उत्तर येत नाही. चित्र डोळ्यांसमोर आले आणि गेले. चित्रकार भेटलाच नाही. इंटरनेटवर चित्र आपोआप सापडते, परंतु चित्रकार मात्र शोधावा लागतो. आणि ज्यास आपण स्फूर्ती म्हणतो ती चित्र सापडण्यात नसून चित्रकार शोधण्यात आहे. हे विधान थोडे विस्ताराने तपासून पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी उदाहरण दूरचे नको. छायाचित्रण, चित्रांची छपाई आणि हलती चित्रे ह्या तीनही कला ज्याने एका जन्मात हाताळल्या असा एक पुरुष महाराष्ट्रातच होऊन गेला. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके, हे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते, गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय केला होता, पुराणवस्तू खात्यात काम केले होते, आणि रंगीत शिळाछापाच्या धंद्यात रविवर्म्याच्या चित्रांशी त्यांचा जवळून संबंध आला होता, हे तितकेसे सांगितले जात नाही.

1910 च्या सुमारास मुंबईत तंबूतल्या एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. त्याच दिवसांत शेकडो लोकांनी तो पाहिला असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते घरी गेले. फाळके दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि ह्या वेळी पत्नी सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. मग हाती येतील तेवढे चित्रपट त्यांनी पाहिले. रोज चार-चार पाच-पाच तास पाहिले. परदेशातून किमतीची पत्रके, पुस्तके, साहित्य मागवले. ह्या श्रमाने त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दृष्टीच गेल्यासारखी झाली व औषधोपचाराने ती परत आली. पुढे विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला निघाले. ज्या 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाचे ते मुंबईत वर्गणीदार होते, त्याच्या कार्यालयात जाऊन त्यांनी संपादकांची भेट घेतली. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ ह्या निर्मात्याचा स्टुडिओ पाहिला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, आणि एप्रिलमध्ये ते परत आले.

परत आल्यावर त्यांनी पहिल्याने काय केले? राजा हरिश्चंद्राची कथा लगेच हाती घेतली नाही. एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्यासमोर कॅमेरा ठेवला, आणि रोप वाढत असता थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेतले. ही सर्व चित्रे क्रमाने पडद्यावर दाखवली तेव्हा दाण्याचा अंकुर आणि अंकुराचा वेल मिनिटभरात डोळ्यांदेखत झाला. 'अंकुराची वाढ' ह्या नावाने ही चिमुकली फीत ओळखली जाते. ती पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि 1913 च्या 3 मे रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. पुढे 1915 साली फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. तीत निर्जीव काड्या हालचाल करीत. आज संगणकावर बसून ॲनिमेशन करणारा कलावंत मुळात हेच करतो: एक चित्र, त्यात किंचित बदल, मग दुसरे चित्र, आणि सेकंदाला अशी चोवीस चित्रे. साधन बदलले, कृतीचे तत्त्व कुंडीतल्या वाटाण्यापासून आजपर्यंत तेच आहे.

ह्या हकिगतीत शिकण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. फाळक्यांनी जे आवडले ते पुन्हा पाहिले. त्याच्या मागे कोण आहे, कोणते यंत्र आहे, ते कोठे मिळते, ह्याचा त्यांनी पाठपुरावा केला. आणि जे कळले ते लहान प्रमाणावर, घरातल्या घरात, स्वतःच्या हाताने करून पाहिले. त्यांना एका पत्रकासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागली, एका भेटीसाठी समुद्र ओलांडावा लागला. तेलगावच्या मुलास हीच माहिती काही क्षणांत मिळते. परंतु पुन्हा पाहण्याची, पाठपुरावा करण्याची आणि करून पाहण्याची इच्छा मोबाईल देऊ शकत नाही. ती ज्याची त्यास आणावी लागते.

ह्याच हकिगतीत एक नाव असे आहे की ते बहुधा मागे राहते. कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे, ती धुण्याचे, आणि चित्रपटाच्या साऱ्या मंडळींच्या जेवणखाणाची व्यवस्था लावण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. पडद्यावर त्यांचे नाव नव्हते. कलाकृती टिकते आणि तिच्यामागचा हात विस्मृतीत जातो, हा प्रकार जुनाच आहे. इंटरनेटने तो निर्माण केलेला नाही, फक्त फार वाढवला आहे.

होमाई व्यारावाला ह्यांची गोष्टही अशीच आहे. 1913 साली नवसारीस जन्मलेल्या आणि मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या ह्या बाई भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होत. आरंभी त्यांची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या, माणेकशा ह्यांच्या, नावाने छापली गेली. कारण अनोळखी स्त्रीच्या नावाने ती छापणे वृत्तपत्रांस रुचत नसे. स्वातंत्र्याच्या पहाटेची दिल्ली, नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा, ही दृश्ये त्यांच्या कॅमेऱ्याने देशापुढे ठेवली. तरी त्यांचे नाव सामान्य माणसास कळावयास कित्येक दशके गेली. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि दुसऱ्याच वर्षी त्या निवर्तल्या. 2017 च्या 9 डिसेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र झळकवले. ते चित्र मुंबईचे चित्रकार समीर कुलाउर ह्यांनी रेखाटले होते. त्या दिवशी ज्याने केवळ चित्र पाहिले त्यास एक सुंदर रेखाटन दिसले. ज्याने नाव विचारले त्यास एक छायाचित्रकार आणि एक चित्रकार असे दोन कलावंत लाभले.

मराठी नियतकालिकांच्या चित्रकारांनी ही काळजी आपल्या परीने घेतली होती. दीनानाथ दलाल (1916–1971) आणि रघुवीर मुळगावकर (1918–1976) ह्यांची सही मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात ठळक असे. पुस्तक हाती घेतले की लेखकाआधी चित्रकार ओळखू यावा अशी त्यांची शैली होती. शि. द. फडणीस ह्यांनी 1952 साली 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठावर एका तरुणाच्या सदऱ्यावर उंदीर आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर मांजरे काढली, आणि एक अक्षरही न लिहिता साऱ्या महाराष्ट्रास हसवले. आज ही मुखपृष्ठे हौशी संग्राहकांनी छायाप्रती करून इंटरनेटवर ठेवलेली आढळतात. परंतु एकाने घेतलेली प्रत दुसरा घेतो, दुसऱ्याची तिसरा. मधल्या एखाद्याच्या हातून कोपरा कापला जातो, आणि सही नेमकी त्याच कोपऱ्यात असते. सही गेली की दलालांचे चित्र 'एक जुने मराठी चित्र' होऊन बसते.

अशा पोरक्या चित्राचा जनक शोधण्याचे मार्ग मात्र आता पुष्कळ सोपे झाले आहेत, आणि ते घरातल्या प्रत्येकास ठाऊक असावेत. शब्द देऊन चित्र शोधता येते, तसेच चित्र देऊन चित्रही शोधता येते. कॅनडातील टिनआय ह्या शोधयंत्राने 2008 साली ही सोय लोकांस खुली केली. गूगल लेन्समुळे ती साध्या मोबाईलवरही आली. चित्र शोधयंत्रापुढे ठेवावे; तेच चित्र आणखी कोठे कोठे आहे ह्याची यादी समोर येते. त्या यादीतील पहिल्याच उत्तरावर विसंबू नये. ज्या ठिकाणी चित्र पूर्ण आहे, कापलेले नाही, ज्या ठिकाणी वर्ष, माध्यम आणि मालकी दिली आहे, आणि जे ठिकाण एखाद्या संग्रहालयाचे, ग्रंथालयाचे किंवा स्वतः कलावंताचे आहे, तेथे जावे. विकिमीडिया कॉमन्स हे मुक्त चित्रभांडार 2004 सालापासून चालू आहे. तेथे प्रत्येक चित्राखाली कर्त्याचे नाव, काळ आणि ते वापरण्याच्या अटी नमूद करण्याची पद्धत आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 साली आपल्याकडील 3,75,000 चित्रप्रतिमा कोणासही विनामूल्य व विनाअट वापरण्यास खुल्या केल्या. होकुसाईची प्रसिद्ध 'महालाट' तेथे इतकी मोठी करून पाहता येते की लाटेच्या फेसाची एकेक बोटे मोजावीत.

एक नाव सापडले म्हणजे शोध संपला असे नाही. खरे म्हणजे तेथून तो सुरू होतो. कोल्हापुरास 1867 साली जन्मलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांचे एखादे चित्र कोणास आवडले असे समजावे. धुरंधरांची माहिती वाचता वाचता त्यांच्या उमेदवारीच्या काळात जे. जे. कलाशाळेचे प्रमुख असलेले जॉन ग्रिफिथ्स ह्यांचे नाव भेटते. ग्रिफिथ्सचा माग काढला की कळते की ह्या गृहस्थाने 1872 ते 1885 ह्या काळात आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या लंडनला गेल्या, आणि 1885 सालच्या आगीत त्यांतील बऱ्याच जळाल्या. उरलेल्या प्रती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि त्यांच्या नोंदीत पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशा विद्यार्थ्यांची नावे आढळतात. त्याच्याही आधी मेजर रॉबर्ट गिल ह्याने अजिंठ्यास राहून वर्षानुवर्षे प्रती काढल्या होत्या. त्यांतील बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्म झाल्या. मात्र गिलने कॅमेऱ्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे शिल्लक राहिली. अशा रीतीने कोल्हापूरच्या एका चित्रकाराच्या नावावरून निघालेला तेलगावचा मुलगा मुंबई आणि लंडन फिरून पुन्हा मराठवाड्यातच, अजिंठ्याच्या डोंगरात, येऊन पोहोचतो. वाटेत त्यास सहा-सात कलावंत भेटलेले असतात, आणि भित्तिचित्राची प्रत, शिळाछाप आणि छायाचित्र ह्यांतील भेद कोणी न शिकवता कळलेला असतो.

हलत्या चित्रांच्या बाबतीतही अशीच वाट सापडते. फ्रान्सच्या एमिल कोल ह्याने 1908 साली काढलेली 'फँटास्मागोरी' ही दीडदोन मिनिटांची फीत आज कोणासही इंटरनेटवर पाहता येते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषेचा एक माणूस क्षणाक्षणाला रूप पालटतो, एवढीच ती गंमत आहे. जर्मनीच्या लोटे रायनिगर ह्या स्त्रीने 1926 साली काळ्या कागदाच्या कातरलेल्या आकृत्या हलवून 'राजपुत्र अहमद' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. तो पाहताना मराठी माणसास सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथील ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवीत आले आहेत, आणि चित्रकथीच्या पोथीतील एकामागून एक चित्र उचलून रामायण-महाभारतातील आख्याने लावीत आले आहेत. ही परंपरा जतन करणारे परशुराम गंगावणे ह्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी अशीच चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. चित्रांच्या मालिकेने गोष्ट सांगण्याची कला गोदाकाठास नवी नाही.

आजच्या काळातील उदाहरणही मुंबईचेच घेता येईल. गीतांजली राव ह्यांनी जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिक्षण घेतले, आणि 'प्रिंटेड रेनबो' हा लघुपट जवळजवळ एकहाती रंगवला. आगपेट्यांच्या चित्रांत रमणाऱ्या एकाकी वृद्धेची ती कथा आहे. 2006 साली कान येथे तिचा गौरव झाला. पुढे 'बॉम्बे रोज' हा त्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट 2019 साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाच्या आरंभी दाखवण्यात आला. त्यातील चौकट न् चौकट हाताने रंगवलेली आहे, मग ती संगणकाच्या पाटीवर का असेना. आणि साधने महाग असतात म्हणून खेड्यातील मुलाने ह्या वाटेस जाऊ नये असे ज्यांस वाटते, त्यांनी लॅटव्हिया ह्या छोट्या देशाकडे पाहावे. तेथील गिंट्स झिल्बालोदिस ह्या तरुणाने 'फ्लो' हा एका मांजराचा, संवाद नसलेला चित्रपट ब्लेंडर नावाच्या प्रणालीवर तयार केला. ही प्रणाली कोणासही विनामूल्य मिळते. त्या चित्रपटास 2025 साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. शिकण्याची सोयही घरबसल्या आहे, मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राने 'डी-सोर्स' ह्या नावाने अभिकल्पाचे धडे आणि देशातील हस्तकलांच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या ठेवल्या आहेत.

परंतु तेलगावच्या दृष्टीने सर्वांत जवळचे दालन वेगळेच आहे. पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी 2014 च्या डिसेंबरमध्ये ग्रामीण भारताचे एक लोकसंग्रहालय इंटरनेटवर सुरू केले. 'पारी' हे त्याचे संक्षिप्त नाव. त्यात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांवर छायाचित्रांसह लेख आहेत, आणि मराठीतही वाचावयास मिळतात. दसरादिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊस तोडण्यास निघतात. नवराबायकोच्या जोडीस मुकादमाच्या हिशेबात 'कोयता' म्हणतात. म्हणजे माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते. 'पारी'च्या पानांवर मात्र छायाचित्र कोणी काढले, लेख कोणी लिहिला, भाषांतर कोणी केले हे नोंदलेले असतेच. आणि ज्याचे छायाचित्र आहे त्याचेही नाव, गाव, वय पुष्कळदा दिलेले असते. चित्र काढणाऱ्यास नाव आहे, तसेच चित्रातल्या माणसासही नाव आहे, हा धडा मोठमोठ्या चित्रदालनांतूनही इतका स्पष्ट मिळत नाही. आपल्याच रस्त्याने दरवर्षी जाणाऱ्या बैलगाड्या छायाचित्राचा विषय होऊ शकतात, हे तेलगावच्या मुलास येथे कळते. आणि लग्नाचे अल्बम करणाऱ्या गावातील छायाचित्रकाराच्या हाती जे यंत्र आहे त्याच जातीच्या यंत्राने ही कामे झाली आहेत, हेही कळते.

येथवर जे सांगितले ते लाभाचे झाले. ह्या व्यवहारात धोकेही आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मोबाईलच्या पडद्यावर कोणते चित्र यावे हे पाहणारा ठरवीत नाही. पूर्वी तो कशावर रेंगाळला होता ह्यावरून यंत्र ते ठरवते. त्यामुळे एकाच साच्याची चित्रे पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि सारे जग त्याच चवीचे आहे असा भास होतो. दुसरा धोका नव्या यंत्रनिर्मित चित्रांचा. 2022 च्या सुमारापासून चार शब्द लिहिताच चित्र तयार करून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. ही यंत्रे इंटरनेटवरील अगणित चित्रांवर शिकवलेली आहेत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अशा एका संग्रहात पाच अब्जांहून अधिक चित्रांचे पत्ते होते. त्यांतील कलावंतांस कोणी विचारले नाही, आणि निघालेल्या चित्रावर त्यांतील कोणाचे नावही नसते. अशा चित्राचा माग काढीत गेले तर शेवटी कोणी माणूस भेटत नाही. ते सुंदर असू शकेल. परंतु ज्याच्याकडे पाहून 'ह्याने हे कसे केले असेल, मलाही जमेल काय' असे मुलाने म्हणावे, असे तेथे कोणी नाही.

तिसरा धोका विसरण्याचा. इंटरनेटवर ठेवले ते कायमचे राहिले असा समज आहे. तो खरा नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर 2023 च्या ऑक्टोबरमध्ये संगणकी हल्ला झाला, आणि तिची कित्येक चित्रदालने दीर्घकाळ बंद पडली. 'राजा हरिश्चंद्रा'च्या मूळ चार रिळांपैकी थोडाच भाग आज उरला आहे. जे आवडले त्याची नोंद आपल्यापाशी ठेवणे हा ह्यावर घरगुती, पण खात्रीचा उपाय आहे.

कायद्यानेही ह्या बाबतीत स्पष्ट मर्यादा घातली आहे. भारताच्या 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे चित्रावरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. धुरंधर 1944 साली निवर्तले, म्हणून त्यांची चित्रे 2005 पासून सर्वांची झाली. दलालांची चित्रे मात्र 2031 साल संपेपर्यंत तशी होणार नाहीत. त्याच कायद्याचे 57 वे कलम सांगते की हक्क विकून टाकला तरी 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार नष्ट होत नाही. आपल्या गावोगावच्या चौकांत वाढदिवसांचे आणि जत्रांचे फ्लेक्स लागतात. त्यांवर देवादिकांची, गडकिल्ल्यांची, महाराजांची चित्रे इंटरनेटवरून उचलून घातलेली असतात. फ्लेक्स करणाऱ्या दुकानाचे नाव आणि फोन नंबर तळाशी न चुकता असतो; ज्याने ते चित्र काढले त्याचे नाव मात्र कोठेच नसते. हे बहुधा दुष्टाव्याने होत नाही; नाव शोधावयाचे असते हेच कोणास ठाऊक नसते.

म्हणून सुशिक्षित घरांनी एक साधा नेम पाळून पाहावा. घरात एक वही असावी. महिन्याकाठी एकच कलावंत निवडावा. छायाचित्रकार, चित्रकार, ॲनिमेशन करणारा, कोणीही. त्याचे नाव, जन्मगाव, काळ, त्याने कोणापासून काय घेतले आणि त्याच्या मागून कोण आले, हे त्या वहीत मुलाच्या हस्ताक्षरात असावे. त्याची पाचच कामे निवडावीत, परंतु ती पुन्हा पुन्हा पाहावीत. देवघराशेजारची लक्ष्मी पूर्वी पाहिली जाई तशी. आणि महिना संपण्यापूर्वी त्याच्या पद्धतीचे एखादे काम हाताने करून पाहावे: छायाचित्रकार असेल तर अंगणातील एकाच झाडाचे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे चित्र घ्यावे; चित्रकार असेल तर त्याच्या एका रेषेची नक्कल करावी; ॲनिमेशन असेल तर मोबाईल एका जागी पक्का ठेवून मोड आलेल्या मटकीची दर तासाला एकेक छबी घ्यावी. फाळक्यांनी वाटाण्याने आरंभ केला होता. मटकी त्याहून लवकर वाढते.

वर्षाअखेर अशा वहीत बारा नावे जमतील. बारा हा आकडा मोठा नाही. परंतु जो मुलगा बारा कलावंतांस नावाने, गावाने आणि हाताच्या वळणाने ओळखतो, त्याच्यासमोरून चित्रे नुसती सरकून जात नाहीत. त्या वहीची तेरावी ओळ रिकामी ठेवावी. तेलगावच्या, माजलगावच्या किंवा धारूरच्या एखाद्या मुलाने पुढे आपले नाव तेथे लिहावे, इतके काम त्याच्या हातून होणे आता अशक्य राहिलेले नाही.